दहाच्या काट्यावर

गिटारवाले बटणाची जागा घड्याळावरून सांगतात. बटण डावीकडे टेकलं की सात, सरळ वर बारा, उजवीकडे टेकलं की पाच. ‘मिक्स दहावर ठेव’ म्हटलं की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत येणाऱ्या कुठल्याही पोराला कळतं. दहावर ठेवायला मात्र कोणी राजी नसतं. नवं रिव्हर्बचं पेडल घेऊन आलेला पोरगा पहिल्या झटक्यात बटण दोनवर नेतो, तिथून तीनवर, एखादी मायनर कॉर्ड छेडतो आणि आवाज विरेपर्यंत डोळे मिटून बसतो. त्या वेळी मी काही बोलत नाही. आपणच वाजवलेला सूर मोठ्या घुमटाखाली फिरून आल्यासारखा ऐकू येतो ते सुख खोटं नसतं, आणि पेडलचे पैसेही त्याच सुखासाठी मोजलेले असतात. बोलायची वेळ येते ती त्याच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आठवड्यात.

माझा धंदा तिहेरी. रात्री ऑर्केस्ट्रात वाजवतो, दिवसा शिकवतो, आणि मधल्या वेळेत कुणाची केबल, कुणाचं पेडल, कुणाचा ॲम्प उघडून बसतो. लावणी, भावगीतं, हिंदी गाणी, हळदीच्या रात्रीचा दंगा, डिसेंबरात चर्चमधली कॅरल, सगळीकडे तीच गिटार आणि तेच पेडल घेऊन जातो. बदलते ती जागा. इतकी वर्षं हे करून माझं एक मत पक्कं झालंय. रिव्हर्बची बटणं फिरवताना आपण ऐकणाऱ्याची खुर्ची पुढं-मागं सरकवत असतो. आणि हॉलने ती खुर्ची आपल्या आधीच कुठंतरी मांडून ठेवलेली असते.

पहिलं बटण मिक्सचं. कुठं त्याच्यावर लेव्हल लिहिलेलं असतं, बॉसच्या पेडलवर ई-लेव्हल. मूळ आवाज किती आणि घुमारा किती, एवढंच ते ठरवतं. पण कानाचा हिशेब असा की थेट आलेला आवाज मोठा आणि भिंतींवरून आलेला लहान असेल तर वाजवणारा जवळ आहे. दोन्ही सारखे झाले की तो लांब गेला. मिक्स वाढवलं की गिटार गोड झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती मागं जाते. खोलीत एकटं वाजवताना मागं जायला हरकत नाही, पुढं कोणी उभंच नसतं. ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, बेस आणि गाणारे पुढं असतात. मागं गेलेली गिटार मग नुसती दिसते. साऊंडवाला बिचारा तिचा फेडर वर करतो, तर घुमाराही तेवढाच वर येतो आणि गाण्याचे शब्द त्यात बुडतात. गायिका मागं वळून बघते. नेमकं कोणाकडे बघायचं ते तिलाही कळत नसतं.

मी शिकवतो ती पद्धत साधी आहे. बटण सातपासून हळूहळू वर न्यायचं. रिव्हर्ब आहे असं जिथं पहिल्यांदा जाणवेल तिथं थांबायचं आणि केसभर मागं यायचं. मग पायाने पेडल बंद करायचं. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे; चालू असताना मात्र काही लावलंय असं वाटता कामा नये. बहुतेक पेडलांवर ही जागा नऊ ते साडेदहाच्या दरम्यान कुठंतरी सापडते. माझा दहाचा आकडा त्यातून आलाय. तो काही शास्त्रातला नाही.

दुसरं बटण डीकेचं किंवा टाइमचं, म्हणजे घुमाऱ्याचं शेपूट किती लांब ते. यामागे मात्र शास्त्र आहे आणि त्याचा जनक एक प्राध्यापक आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण भौतिकीवाल्याला एक काम सांगितलं: नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नाही, ते दुरुस्त कर. त्या खोलीत तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. एका वाक्यावर पुढची दोन वाक्यं चढायची. सॅबाइनने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक करून मांडायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग केला. त्यातून त्याने सूत्र काढलं. जागा जितकी मोठी तितकं शेपूट लांब. गाद्या, पडदे, माणसं जितकी जास्त तितकं ते आखूड. पुढं १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल या हिशेबावर बांधला गेला. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ हेच आजही घुमाऱ्याचं माप आहे, आणि पेडलवरचं टाइमचं बटण आपण फिरवतो तेव्हा त्याच मापाशी खेळत असतो.

सॅबाइनच्या गाद्या मला मंगल कार्यालयात आठवतात. आमचा साऊंड चेक दुपारी चारला होतो. कार्यालय रिकामं, खाली फरशी, भिंतींना ऑइल पेंट, वर पत्रा किंवा स्लॅब. एक टाळी वाजवली की ती चारी भिंतींना भेटून येते. गिटार लावली की नुसता गोंधळ. मग नवखा माणूस पेडल बंद करून टाकतो आणि निर्धास्त चहाला जातो. सात वाजता तिथं हजारभर माणसं येतात, शालू, फेटे, कडेवरची पोरं घेऊन. माणूस हा आवाज पिण्याच्या बाबतीत गादीच्याही वरचढ. तोच हॉल एकदम सुका होतो आणि दुपारी नकोसा वाटणारा रिव्हर्ब आता हवासा वाटतो. म्हणून दुपारी मी बटणांना फारसा हात लावत नाही. आवाज येतोय का, खरखर नाही ना, एवढं बघतो आणि मिक्सचा निकाल पहिल्या गाण्याच्या अंतऱ्यापर्यंत राखून ठेवतो. साऊंडवाल्याशी बोलणं मात्र दुपारीच उरकावं लागतं, कारण त्याच्याकडच्या मिक्सरवरही रिव्हर्ब असतो आणि त्याचा हात सैल असतो.

‘दादा, गिटारला इको सोडू काय जरा?’

‘नगं बाबा. हितं हाय माझ्याकडं.’

‘बरं. मग गाणाऱ्याला सोडतो.’

तो सोडतोच. कोल्हापूरच्या स्टेजवर रिव्हर्ब असो वा डिले, सगळ्याला इकोच म्हणायची रीत आहे आणि त्यावरून भांडायचं कारण नाही. फरक दाखवायचा झाला तर मी पोरांना विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. शाळेच्या सहलीत तिथं जाऊन ओरडला नाही असा आमच्या भागात क्वचितच कोणी सापडेल. १६५६ साली बांधलेल्या त्या घुमटाचा आतला व्यास ३८ मीटरच्या घरात आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पलीकडच्या भिंतीवर आपटून परत यायला त्याला जवळपास पाव सेकंद लागतो. एवढं अंतर पडलं की कान त्याला वेगळा आवाज म्हणून ओळखतो. म्हणून तिथं टाळी सुटी सुटी, पुन्हा पुन्हा परत येते. तो डिले. साध्या खोलीत मात्र भिंती इतक्या जवळ असतात की परतलेले आवाज एकमेकांत मिसळून त्यांचा एकच पट्टा होतो. तो रिव्हर्ब.

यातूनच प्री-डिलेचं बटण कळतं. पोरं त्याला घाबरतात, आणि कित्येक पेडलांवर ते नसतंच किंवा नुसता छोटा-मोठा असा खटका असतो. मूळ सूर निघाल्यावर घुमारा किती उशिरा सुरू व्हावा, एवढंच त्याचं काम. एका मिलिसेकंदात आवाज ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून २० मिलिसेकंद म्हणजे सात मीटरांचा फेरा. माझ्या मते संगत करणाऱ्या गिटारवाल्याला मिक्सपेक्षा हे बटण जास्त उपयोगी आहे. तारेवर नखी पडली तो टणत्कार आधी स्वच्छ जाऊ द्यायचा, मग मागून घुमारा. असं केलं की रिव्हर्ब भरपूर असूनही गिटार पुढंच राहते. भावगीताच्या सुरुवातीला गिटारचे चार सुटे सूर असतात, तिथं मी ३० ते ४० मिलिसेकंद ठेवतो. याहून फार वाढवलं की कान त्याला वेगळा धक्का म्हणून ऐकायला लागतो आणि आपण घुमटाच्या दिशेने निघतो.

माझ्या खोलीपासून चालत जाऊन यावं इतक्या टापूत ऐकायच्या तीन अगदी वेगळ्या जागा आहेत. शिकवताना मी पोरांना तिथं हिंडवत आलोय. पेडलच्या माहितीपुस्तकात रूम, हॉल, प्लेट असे शब्द छापलेले असतात. जागा पायाखाली घातल्याशिवाय ते शब्दच राहतात.

एक खासबाग मैदान. शाहू महाराजांनी युरोपात रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ साली आपल्या गावात कुस्तीसाठी गोल मैदान उभारलं. मधे हौद, भोवती उतरत आलेल्या बैठका, वर आभाळ. हलगीचा कडकडाट तिथं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, पण छतच नसल्याने वर गेलेला आवाज गेला तो गेला. शेपूट नाहीच. कुठल्याही तालमीत मातीच्या हौदाजवळ उभं राहून टाळी वाजवली तर असंच सुकं काहीतरी ऐकू येतं, कारण तिथं माती आवाज गिळते. पेडल बंद असताना जे मिळतं ते हे.

दुसरी जागा जयप्रभा स्टुडिओ, खुद्द आमच्या पेठेतला. भालजी पेंढारकरांनी नावारूपाला आणलेला आणि पुढं लता मंगेशकरांनी विकत घेतलेला. तिथं आता कॅमेरा फिरत नाही, पण बोलपटाच्या स्टुडिओचा नियम पोरांना सांगायला ती जागा बरी पडते. शूटिंगच्या जागी घुमारा नको असतो. आवाज सुका पकडला तर नंतर त्याला देऊळ, विहीर, राजवाडा काहीही चढवता येतं. घुमून आलेला आवाज मात्र पुरता सुकवता येत नाही. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरांना मी म्हणूनच सांगतो की ऐकताना रिव्हर्ब खुशाल लावा, पण कॉम्प्युटरमध्ये गिटार कोरडीच जाऊ द्या.

तिसरी जागा केशवराव भोसले नाट्यगृह, खासबागेच्या अंगाला अंग लावून. तेही शाहू महाराजांचंच, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. केशवराव भोसले कोल्हापूरचेच. जन्म १८९०, ललितकलादर्श ही नाटक कंपनी १९०८ साली काढली, आणि १९२१ साली गेले तेव्हा वयाची पस्तिशीही आली नव्हती. त्या पिढीतले गायक-नट मायक्रोफोनशिवाय गात. ऑर्गन, सारंगी, तबला, आणि समोर भरलेलं नाट्यगृह. अशा गाण्यासाठी बांधलेल्या हॉलमधे शेपूट लांब चालत नाही, कारण गाण्यानंतर लगेच संवाद असतो आणि तो कळावा लागतो. अगदी सुकंही चालत नाही, कारण तानेला अंग लागतं. त्या स्टेजवर वाजवताना माझं मिक्सचं बटण जेमतेम आठावर असायचं. पुष्कळदा पेडल बंदच असायचं. माझ्या सुरावर जे काही चढवायचं ते हॉल चढवत होता, आणि पेडल बनवणाऱ्यापेक्षा त्याला त्यातलं जास्त कळत होतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रस्त्यावर उभ्या गर्दीत नट होते, तंत्रज्ञ होते, वादक होते, आणि नुसती तिकीट काढून नाटक बघणारी माणसं होती. लाकूडकाम गेलं, छत गेलं, खुर्च्या गेल्या. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली हे लगेच कळतं. इमारत पुन्हा बांधता येते, नकाशा असतो, फोटो असतात. पण लाकडाची जाडी, पडद्याचं कापड, बाल्कनीचा उतार, यातलं थोडं इकडचं तिकडं झालं की शेपूट बदलतं. नव्या नाट्यगृहात पहिल्यांदा गिटार लावीन तेव्हा बटण आठावरच ठेवून सुरुवात करीन. पुढं काय करायचं ते तो हॉल सांगेल.

आता टोन. सगळ्यात दुर्लक्षित बटण. डावीकडे नेलं की घुमाऱ्यातली धार कमी होते, उजवीकडे नेलं की चकाकी वाढते. खऱ्या खोलीत उंच सुरांचा घुमारा आधी मरतो, कारण हवा आणि कापड त्यांना आधी खातात. म्हणून बटण थोडं डावीकडे ठेवलं की रिव्हर्ब खरा वाटतो. हे झालं पुस्तकातलं. ऑर्केस्ट्रात त्रास होतो तो खालच्या सुरांचा. गिटारच्या जाड तारेचा घुमारा, बेस आणि ढोलकीचा धुम हे तिघं एकाच पट्टीत येऊन आपटतात. साध्या पेडलला खालचे सूर कापायची सोय नसते. मी मग हातानेच उपाय करतो: जाड तारा टाळतो, कॉर्डच्या वरच्या तीन-चार तारा वाजवतो. लावणीला तर रिव्हर्ब जवळजवळ नाहीच. ढोलकीवाला दोन बोलांच्या मधे जी जागा सोडतो तिच्यावरच लावणीचा सगळा तोरा उभा असतो. ती जागा आपल्या शेपटाने भरून टाकली तर तो नुसता बघतो, बोलत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमाला दुसरा गिटारवाला दिसतो.

शेपूट किती लांब ठेवायचं याचा माझा हिशेबही लयीचाच आहे. मिनिटाला १२० मात्रांचं गाणं असेल तर एक मात्रा अर्धा सेकंद, चार मात्रा दोन सेकंद. कॉर्ड चार मात्रांनी बदलत असेल तर दोन सेकंदांच्या आत मागचा घुमारा मेला पाहिजे, नाहीतर जुनी कॉर्ड नवीवर चढते. पेडलवर सेकंदाचे आकडे नसतात. कॉर्ड छेडायची, तळहाताने तारा दाबायच्या आणि पायाने मात्रा मोजत ऐकायचं. तीन मात्रांत विरलं तर उत्तम. संथ गाण्याला वाढवायचं, पण प्रत्येक गाण्याला वाकून बटण फिरवायला वेळ नसतो, म्हणून मी रात्रीच्या सगळ्यात जलद गाण्याला बेतून ठेवतो आणि संथ गाण्यात तेवढ्यावर भागवतो.

तबला-सतारीकडून गिटारकडे आलेली मुलं या सगळ्यात लवकर तयार होतात असा माझा अनुभव आहे. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर. तिथल्या सतारमेकर घराण्यांचा हात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या कामातून वाद्यांकडे वळला, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या सतारीत मुख्य तारांच्या खाली अकरा-तेरा तरफा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. वरचा सूर लागला की त्या त्याच सुरात आपोआप गुंजतात आणि मागं रेंगाळतात. सतारीच्या पोटात जन्मतःच बसवलेला रिव्हर्ब. तंबोरा तर सगळी मैफल भरून ठेवतो. इलेक्ट्रिक गिटारच्या भरीव लाकडाला यातलं काहीच नाही. म्हणून तिला बाहेरून उसनं आणावं लागतं, आणि सतारवाल्या पोराला उसनं किती आणायचं ते कानाला ठाऊक असतं. तरफा मुख्य सुरापेक्षा मोठ्या वाजल्या तर सतार बिघडलीय हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

रिव्हर्बचा तरफांच्या सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे स्प्रिंग. पेडलवर प्रकार निवडायच्या खटक्यावर स्प्रिंग लिहिलेलं असतं ते काही नुसतं नाव नाही. हॅमंड ऑर्गनसाठी लांब स्प्रिंगा बसवलेला डबा निघाला. एका टोकाला सूर हलवायचा, तो स्प्रिंगभर धावत जाऊन परत यायचा, दुसऱ्या टोकाला पकडायचा. फेंडरने १९६१ साली तो गिटारवाल्यांसाठी सुट्या पेटीत दिला आणि १९६३ मध्ये ॲम्पच्या पोटातच बसवला. अशा खऱ्या स्प्रिंगचा ॲम्प आजही कधी दुरुस्तीला येतो. त्याची एक खोड स्टेजवरच कळते. लावणीच्या नृत्यात फळ्यांच्या स्टेजवर पाय पडले की डब्यातल्या स्प्रिंगा हलतात आणि स्पीकरमधून भांड्यांची उतरंड कोसळल्यासारखा आवाज येतो. उपाय फोमच्या जाड तुकड्याचा, किंवा ॲम्प सरळ स्टेजखाली जमिनीवर.

प्लेट हा दुसरा प्रकार. ईएमटी नावाच्या जर्मन कंपनीने १९५७ साली पोलादाचा साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा पातळ पत्रा चौकटीत ताणून टांगला. तो सुराने थरथरायचा आणि थरथर टिपून घुमारा मिळायचा. सगळं धूड अडीचशे किलोच्या पुढचं. शेपूट आखूड करायचं झालं तर शेजारचा दुसरा पत्रा चाक फिरवून जवळ आणायचा. आज माझ्याकडचा विद्यार्थी अंगठा आणि तर्जनीत धरून जे फिरवतो ते बटण त्या चाकाचा वंशज. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जच्या मॅनफ्रेड श्रोडरने हेच काम गणितात मांडलं, १९८७ मध्ये बॉसचं आरव्ही-२ आलं आणि हॉल पायाखाली आला. गाणाऱ्याच्या मागं मला प्लेटच आवडते. तिला खोलीचा आकार नसतो, त्यामुळे ती कार्यालयाच्या घुमाऱ्याशी भांडत नाही.

शिमर नावाचा प्रकार हल्ली पोरांना फार हवा असतो, घुमाऱ्यात सूर एक सप्तक वर चढत जातो तो. प्रार्थनेच्या गाण्याला चार मिनिटं बरा वाटतो. रात्रभर लावला की डोकं उठतं. याहून जास्त त्याच्याबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे नाही.

दुरुस्तीला येणाऱ्या पेडलांतली निम्मी तरी मुळात धडधाकट असतात. पेडल ९ व्होल्टवर चालतं, आणि बहुतेकांना पिनच्या मधल्या टोकाला ऋण लागतो. बाजारातला साधा अडॅप्टर कित्येकदा नेमका उलटा असतो. शिवाय डिजिटल रिव्हर्बला शंभर मिलिॲम्पच्या आसपास किंवा त्याहून जास्त करंट लागतो. चौकोनी बॅटरी घातली तर ती कार्यक्रमाच्या मध्यंतरापर्यंत दम तोडते. एकाच अडॅप्टरवर डिस्टॉर्शन आणि रिव्हर्ब साखळीने जोडले की डिजिटल पेडलची बारीक शिट्टी सगळ्या आवाजात घुसते. गणपतीत मंडपाचा जनरेटर असला की त्यात घुंईं आवाजाची भर. वेगळे वेगळे आउटलेट असलेला पॉवर सप्लाय हा रिव्हर्बच्याही आधी घ्यायचा खर्च आहे, पण तो दिसत नाही, त्याला दिवे नसतात, म्हणून कोणी घेत नाही.

पेडलांचा क्रमही तसाच महत्त्वाचा. डिस्टॉर्शन आधी, रिव्हर्ब नंतर. उलट लावलं तर डिस्टॉर्शन हळू घुमाऱ्यालाही मूळ सुराइतकाच मोठा करून टाकतं आणि दोन सेकंदांत चिखल होतो. काही विद्यार्थ्यांना तो चिखलच आवडतो. त्यांना मी अडवत नाही. तसल्या गिटारवर उभं राहिलेलं संगीतही जगात आहे. हळदीला मात्र चालत नाही.

आणि एक खटका आहे, पुष्कळ पेडलांत तो मागच्या बाजूला किंवा आत लपलेला असतो. पेडल पायाने बंद केल्यावर चालू असलेलं शेपूट लगेच तुटावं की आपोआप विरावं, ते तो ठरवतो. ऑर्केस्ट्रात निवेदक गाण्याच्या शेवटच्या सुरावरच बोलायला लागतो. त्याला टाळ्यांवर स्वार व्हायचं असतं. अशा ठिकाणी तुटलेलंच बरं. भक्तिगीतांच्या कार्यक्रमात विरलेलं.

माझ्याकडे एक मुलगी शिकते, पेठेतलीच. कानाने तीक्ष्ण आणि तोंडानेही. मिक्स दहावर ठेव म्हटलं की, ‘सर, मी बारावर ठेवतो की. दहावर काय कळतच न्हाई,’ हे तिचं ठरलेलं उत्तर. तिला मोठं पेडल हवं होतं, बारा प्रकारचे रिव्हर्ब आणि शेकड्यांनी प्रीसेट असलेलं, चांगल्या गिटारच्या किमतीचं. मी तिला इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं होली ग्रेल दाखवलं. एक बटण, एक तीन जागांचा खटका, बाकी काही नाही. डीके नाही, टोन नाही, प्री-डिले नाही. म्हटलं, यावर जे येईल तेवढं आधी आण. तोंड वाकडं करून तिने कुणाचं तरी वापरलेलं विकत घेतलं. आता कॉलेजच्या गॅदरिंगला तेच घेऊन जाते, आणि रिकाम्या हॉलमधे आधी टाळी वाजवून बघते. परवा तिने मला सुनावलं की तुमचं दहा तुमच्या खोलीतलं आहे, आमच्या हॉलला पडदे आहेत, तिथं साडेअकराच लागतं. मी जाऊन ऐकलं. माझ्या मते सव्वादहा पुरेत. ती म्हणते, ‘सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला हुता.’